मागीलदारचा फणस

कोकणातल्या आंब्याने बाजार गाठला. हापूस मुंबईला गेला, परदेशी गेला, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फणस मात्र घरामागेच राहिला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा-काजूच्या बागा डोंगरभर दिसतात, फणसाची बाग क्वचितच. त्याची जागा मागीलदारी, विहिरीच्या वाटेवर, गोठ्याच्या कडेला. म्हणूनच इथल्या घराघरांचा इतिहास आंब्यापेक्षा या झाडाखाली जास्त सापडतो, असं मला वाटतं.

एक तर फणस एकट्याने खाता येत नाही. दहा-पंधरा किलोचं फळ ही नेहमीची गोष्ट, याहून दुप्पट-तिप्पट वजनाचीही धरतात. एकदा पिकलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं. उंचावरचं फळ आपटलं तर फुटतं, म्हणून एकाने वर चढून दोरी बांधायची आणि खालच्यांनी ती हळूहळू सोडायची. मग हाताला आणि कोयत्याला खोबरेल चोपडायचं, चीक पुसून घ्यायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. कडक गऱ्यांचा कापा असेल तर गरे सुटे निघतात. मऊ गऱ्यांचा बरका असेल तर हातांनीच उकलायचा, मुलांनी गिळायचा. काम बराच वेळ चालतं आणि हात चिकट असल्याने मध्येच कुणाला उठताही येत नाही. कुणाचं लग्न ठरत नाही, कोणता बांध सरकला, मुंबईच्या खोलीचं काय झालं, हे सगळं त्या बैठकीत निघतं.

कोणता फणस काढायचा हे ठरवण्याचा मान बहुतेक आजीचा. बोटाने ठोकून पोकळ, बोदा आवाज ऐकायचा, काटे विरळ आणि बोथट झालेत का ते बघायचं, देठाजवळचं पान पिवळं पडलंय का ते तपासायचं. हे ज्ञान झाडाखाली उभं राहूनच मिळतं.

फणसाच्या झाडांना नावं असतात. विहिरीकडचा, मांगराकडचा, आजोबांनी लावलेला. ही नुसती हौस नाही. फणसात परपरागीकरण होतं, त्यामुळे आठळीपासून उगवलेलं झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते. कापा लावला तरी बरका निघू शकतो. म्हणजे परसातलं प्रत्येक जुनं झाड वाणाच्या दृष्टीने एकमेव असतं आणि त्याला वेगळं नाव लागतंच. आठळीची उगवण्याची ताकद फार दिवस टिकत नाही, सुकली की ती रुजत नाही. रोपाचं मुख्य मूळही उपटणं सोसत नाही. म्हणून पूर्वी आठळी थेट जागेवरच पुरत. फळ यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. तेव्हा झाड कुठे उभं राहणार हे ठरवणारा माणूस घर पुढे कसं वाढणार याचाही अंदाज बांधत असे.

फळाची रचनाही विलक्षण आहे. आपण एक फणस म्हणतो तो प्रत्यक्षात शेकडो फुलांचा मिळून झालेला असतो. ज्या फुलाचं फलन झालं त्याचा गरा होतो. ज्यांचं झालं नाही त्यांचे गऱ्यांमधले चिवट धागे होतात. फळं बारीक फांद्यांवर न धरता खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतात, कधी अगदी बुंध्याशी. तिथे लहान मुलाचाही हात पोचतो. या फळाची नोंदही जुनी आहे. गोव्यात 1563 साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात फणस आणि जांभळावर प्रकरण आहे. युरोपीय वैद्यालाही फणसाची दखल घ्यावीशी वाटली, इतका तो तेव्हाही परिचित होता.

या झाडाचं वेळापत्रक चाकरमान्यांच्या सुट्टीशी जुळलं, हा योग मोठाच. मुंबईच्या गिरणगावात राबणारा माणूस मे महिन्यात गावी यायचा तेव्हा फणस पिकलेले असायचे. 1982च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचं जग मोडलं, तरी मुंबईहून मे महिन्यात गावी येणं थांबलं नाही, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर वाट सोपी झाली. परत जाताना पिशवीत फणसाची साटं आणि तळलेले गरे असत. आख्खा फणस सहसा जात नसे, गाडीत त्याचा वास लपत नाही.

बायकांचा फणस मात्र सुट्टीपुरता नव्हता, आणि लिहिताना हेच नेमकं राहून जातं. कोवळ्या कुयरीची भाजी, कच्च्या गऱ्यांचे पापड, बरक्याच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवलेली सांदणं, पावसाळ्यासाठी मिठात घातलेले खारवलेले गरे. आठळ्या धुऊन, वाळवून, मातीत किंवा राखेत ठेवायच्या आणि आषाढात अळूच्या फदफद्यात घालायच्या. उरलेली चारखंडं गुरांना, पाला शेळ्यांना. वटपौर्णिमेच्या वाणातही गरे असतात. पापड लाटायला शेजारणी लागत, म्हणून पापडांच्या दिवसांत मागीलदार पुढच्या अंगणापेक्षा गजबजलेलं असे.

आज अनेक घरांना कुलूप आहे आणि फणस झाडावरच पिकून खाली पडतात. वाटणीत घर एकाकडे जातं, झाड सामाईक राहतं, आणि सामाईक झाडाची काळजी कुणीच घेत नाही. फणसाच्या पिवळ्या, वाळवीला दाद न देणाऱ्या लाकडाला गिऱ्हाईक नेहमीच असतं. महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या परिशिष्टात फणसाचं नाव आहे, तोडण्यापूर्वी परवानगी लागते. पण कायदा बुंधा वाचवील, चव वाचवायची तर कलमच बांधायला हवं. केरळने 2018 मध्ये फणसाला राज्यफळ केलं. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ हा वाण दिला, ते चांगलंच झालं. पण तो विहिरीकडचा फणस नव्हे. विहिरीकडच्यासाठी मृदकाष्ठ कलम करता येतं. फळ देणाऱ्या फांदीची डोळे फुगलेली काडी घ्यायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि आठळीपासून वाढवलेल्या कोवळ्या रोपावर त्याच दिवशी बांधायची. जाणता माळी हे काम करतो. भाऊ चार असतील तर चार काड्या काढाव्यात, बहिणींसाठीही काढाव्यात, आणि ज्या घराची वाटणी यंदा होणार आहे त्यांनी कागदपत्रांवर सह्या होण्याआधीच काढाव्यात.