राणीचे सारथी

देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचे अगदी दक्षिणेकडचे टोक. लेंडी नदीच्या काठच्या या गावातून तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. बाजारात उभे राहिले की मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. पडत नाही ती फक्त आगगाडीची शिटी, कारण देगलूरला रेल्वे नाही. मुंबईला निघालेल्या देगलूरकराने आधी एस.टी.ने सुमारे ८० किलोमीटरवरचे नांदेड गाठावे आणि तिथून गाडी धरावी, ही तिथली जुनी रीत.

अशा गावाच्या नावाने विजेच्या इंजिनाची कथा कशाला सांगायची, असे वाचक विचारतील. पण देगलूरच्या माणसाचा मुंबईचा प्रवास आठवून पाहा. मुलगा गिरणीत लागला, पुतण्या कॉलेजात गेला, मुलगी परळला सासरी गेली, कुणाला इस्पितळात दाखवायचे झाले, की ही यात्रा ठरलेली. निजामाच्या काळात सिकंदराबादहून नांदेड, परभणी, औरंगाबाद करीत मनमाडला जाणारी मीटरगेज गाडी होती. मनमाडला उतरायचे, ट्रंक, वळकटी आणि पाण्याची सुरई हमालाच्या डोक्यावर द्यायची आणि मोठ्या रुळांवरची गाडी धरायची. वाफेचे इंजिन ती गाडी इगतपुरीपर्यंत आणी आणि तिथे निवृत्त होई. पुढच्या थळ घाटासाठी धूर न सोडणारे, शिटी सोडली तर फारसा आवाजही न करणारे इंजिन गाडीला लागे. मराठवाड्यातल्या कित्येक मुलांनी वीज पहिल्यांदा कामाला लागलेली पाहिली, ती घरातल्या दिव्यात नव्हे, तर इगतपुरीच्या फलाटावर.

घाटाने वीज मागितली

मुंबईतून देशावर यायचे तर सह्याद्री चढल्यावाचून गत्यंतर नाही. पुण्याकडे जाताना बोरघाट लागतो, नाशिककडे जाताना थळ घाट. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली, थळ घाटातून १८६५ साली. दोन्हीकडे चढ ३७ फुटांना १ फूट. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ काहीच वाटणार नाही, पण गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत लोखंडी चाके फिरवायची, तेव्हा तो भिंतीसारखा उभा राहतो. शिवाय बोरघाटात दोन डझनांच्या घरात बोगदे. वाफेची दोन-तीन इंजिने गाडीला मागून-पुढून जुंपलेली, सगळ्यांचा धूर बोगद्यात कोंडलेला, आणि त्यात फायरमन भट्टीत कोळसा लोटतो आहे! खिडक्या लावून घ्या, डोळ्यांवर रुमाल धरा, असे बायाबापड्या एकमेकींना सांगत, ते उगीच नव्हे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या जी.आय.पी.ने, यावर उपाय म्हणून वीज आणायचे ठरवले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली. लोकलगाड्यांनंतर पाळी आली लांबच्या गाड्यांची. कल्याणजवळ ठाकुर्लीला कंपनीने स्वतःचे वीजघर उभारले, घाटांवर खांब रोवले आणि तारा ओढल्या. १९२९ साली वीज पुण्याला पोहोचली, १९३० साली इगतपुरीला. त्याच सुमारास बोरघाटातला गाडीचे तोंड उलटे फिरवण्याचा थांबाही नव्या मार्गामुळे बंद झाला.

दोन, तीन आणि एक

तारा झाल्या, पण त्यांच्याखाली धावायचे कुणी? मालगाड्यांसाठी एक जातीचे इंजिन घेतले गेले. प्रवासी गाड्यांसाठी १९२८ साली निरनिराळ्या कारखान्यांची नमुन्याची इंजिने आणून त्यांची परीक्षा घेतली गेली. त्यात उतरले ते इंग्लंडच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीचे. त्याचा यांत्रिक भाग स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याच्या पद्धतीचा होता. त्याला नाव मिळाले ई.ए.-एक, आणि पुढे तशी विसाहून अधिक इंजिने आली.

याची रचना पाहण्यासारखी होती. पुढे दोन आसांची लहान गाडी, मध्ये मोठ्या चाकांचे तीन आस आणि मागे एक लहान आस. पुढचे आणि मागचे आस वजन पेलायला आणि वळणावर वाट दाखवायला. ओढण्याचे काम सगळे मधल्या तिघांचे. त्या प्रत्येक आसाला दोन मोटारी, म्हणजे एकूण सहा. निघताना या मोटारी एका ओळीत जोडायच्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला थोडा दाब येतो आणि गाडी हळूच सुटते. वेग धरला की त्यांना गटागटाने जोडायचे, म्हणजे प्रत्येकीचा दाब वाढतो आणि गाडी पळू लागते. आपल्या घरी दिवाळीच्या माळेतले दिवे एका ओळीत जोडले की मंद लागतात आणि वेगवेगळे जोडले की लख्ख, तसाच हा प्रकार. या यंत्राची ताकद सुमारे २,१६० अश्वशक्तीची आणि वजन शंभर टनांच्या घरातले.

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली आणि या इंजिनांना त्यांची राणी मिळाली. पहिल्या दिवसांत ही सात डब्यांची गाडी मुख्यतः शनिवार-रविवारी पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकीन मंडळींसाठी होती. सामान्य माणसाला तिच्यात तिसऱ्या वर्गाची जागा मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. राणीचे रथ दिमाखाचे होते, पण ते घाटावर नेणारे सारथी हे ई.ए.-एकच. त्यांच्यातल्या ४००६ क्रमांकाच्या इंजिनाला मुंबईच्या एका गव्हर्नराचे, सर रॉजर लम्ले यांचे नाव दिले गेले. लम्लेसाहेब गव्हर्नर झाले १९३७ साली, म्हणजे इंजिन आधीचे आणि बारसे नंतरचे! साहेब १९४३ साली गेले, इंजिन मात्र पुढेही घाट चढतच राहिले.

नवी नावे, नवी पिढी

स्वातंत्र्यानंतर रेल्वेंची फेरमांडणी झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. आणि निजामाची रेल्वे एकत्र येऊन मध्य रेल्वे जन्माला आली. गंमत अशी की, नांदेडच्या फलाटावरची मीटरगेज गाडी आणि पुण्याची डेक्कन क्वीन त्या दिवसापासून एकाच घरच्या झाल्या. १९६६ साली दक्षिण-मध्य रेल्वे निघाली, तोवर हे नाते टिकले. त्या मधल्या काळात देगलूर स्वतः हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबईत आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

इंजिनांची नावेही बदलली. ई.ए.-एक आता डब्ल्यू.सी.पी.-एक झाले. अक्षरे बोजड वाटतील, पण अर्थ सोपा आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, सी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी डी.सी. वीज, पी म्हणजे पॅसेंजर. पुढे एम आला तर ते इंजिन प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे, आणि ए आला तर ते दिशा पालटत वाहणाऱ्या ए.सी. विजेवर चालणारे. घरातल्या मुलांना एवढे सांगून ठेवा. पुढच्या प्रवासात तीच तुम्हाला इंजिने ओळखून दाखवतील.

१९५४-५५ साली इंग्लंडहून डब्ल्यू.सी.एम.-एक जातीची सात इंजिने आली. त्यांना पुढे-मागे लहान चाके नव्हतीच. तीन-तीन आसांच्या दोन गाड्या आणि सहाही आस ओढणारे. म्हणजे इंजिनाचा सगळा भार ओढण्याच्याच कामी येई. मानाच्या गाड्या हळूहळू या नव्या मंडळींकडे गेल्या. मग १९६१ साली चित्तरंजनच्या कारखान्यातून भारतात बांधलेले पहिले विजेचे इंजिन बाहेर पडले. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते कामावर रुजू झाले आणि त्याचे नाव ठेवले गेले 'लोकमान्य'. एका सारथ्याचे नाव गव्हर्नराचे आणि त्याची जागा घेणाऱ्याचे टिळकांचे! मधल्या वर्षांत देशात काय घडले, ते या दोन पाट्यांवरून समजावे.

जुनी इंजिने मात्र एकदम मोडीत निघाली नाहीत. घरातल्या कर्त्या माणसाने मुलावर कारभार सोपवावा आणि स्वतः बाजारहाटाचे पाहावे, तशी ती कमी मानाच्या गाड्या ओढत राहिली.

दीड हजार आणि पंचवीस हजार

सारथी बदलले तरी वीज जुनीच होती, १,५०० व्होल्टची. आणि खरी अडचण तिथेच होती. विजेचा दाब कमी असला की तेवढेच काम करायला प्रवाह जास्त लागतो. ई.ए.-एक पूर्ण जोराने ओढू लागले की त्याला हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह लागे. एवढ्या प्रवाहासाठी तांब्याच्या जाड तारा आणि थोड्या-थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागतात. तेच काम २५,००० व्होल्टवर ६५ अँपिअरच्या आसपास होते. दाब सतरापट झाला की प्रवाह सतरावा हिस्सा उरतो, आणि त्याच तारेत उष्णतेवाटे वाया जाणारी वीज पावणेतीनशेव्या हिश्शावर येते. गाड्या लांब आणि जड होऊ लागल्यावर जुनी वीज पुरणार नव्हती, हे उघड होते.

इगतपुरीच्या पलीकडे भुसावळकडे २५,००० व्होल्टची वीज १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि इगतपुरी दोन विजांची सीमा बनली. गाडी थांबायची, इंजिन सुटायचे, दुसरे लागायचे. ही खोळंब्याची गाठ सोडवायला दोन्ही विजांवर चालणारी इंजिने बांधली गेली. भेल कंपनीची डब्ल्यू.सी.ए.एम.-तीन ही १९९७-९८ सालची. घाटांत आणि पुणे मार्गावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पण त्यांचे काम पुलासारखे होते. दोन्ही तीर एक झाले की पुलाची गरज संपते. टप्प्याटप्प्याने जुनी वीज काढली गेली. २०१५ साली मुंबईच्या मुख्य मार्गावरून ती गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये, जिथे १९२५ साली सुरुवात झाली होती त्याच हार्बर मार्गावर, तिचा शेवट झाला. तब्बल ९१ वर्षांचा संसार!

आज घाटात धावतात ती डब्ल्यू.ए.पी.-सात सारखी इंजिने. त्यांची ताकद ६,००० अश्वशक्तीच्या वर, म्हणजे जवळजवळ तीन ई.ए.-एक एकत्र जुंपल्यासारखी. उतारावर ती वेग रोखताना वीज तयार करून परत तारांत सोडतात. नांदेड ते मनमाड रूळ रुंद झाल्यामुळे सामान उतरवण्याची कटकट १९९० च्या दशकातच संपली होती. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्याच्या रुळांवरही विजेच्या तारा आल्या आहेत. जे नवल पाहायला पूर्वी इगतपुरी गाठावी लागे, ते आता नांदेडलाच दिसते. देगलूरवरून नांदेड-बिदर मार्ग जावा, ही त्या भागाची मागणी फार जुनी आहे. इंजिनांच्या चार पिढ्या येऊन गेल्या, तरी गावाच्या वेशीपर्यंत रूळ आलेले नाहीत, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. शहरातल्या वाचकाला घरापासून दहा मिनिटांवर लोकल मिळते. आजारी माणसाला घेऊन रात्रीच्या एस.टी.ने स्टेशन गाठणे म्हणजे काय, हे देगलूरकराला विचारावे.

आणि ते सर रॉजर? ते दिल्लीला चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन दिल्लीला गेलात, तर लाल किल्ला आणि कुतुबमिनार झाल्यावर अर्धा दिवस तिकडेही द्या. मुलांना चाके मोजायला सांगा: पुढे दोन आस, मध्ये तीन, मागे एक. मग त्यांना सांगा की, हे यंत्र आपल्या सह्याद्रीचे घाट चढलेले आहे आणि आपल्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या आजोबांना त्याने मुंबईला सुखरूप पोहोचवलेले आहे.