आक्काची पाळी

वाचकहो, तुमच्या घरात जुन्या कपड्यांची वाकळ असेल, तर एकदा ती उन्हात पसरून बघा. तुमचं लहानपण तिच्यात सापडेल. आमच्या वाकळेत माझ्या खाकी चड्डीचा तुकडा आहे आणि त्याला लागूनच आक्काच्या निळ्या परकराचा.

दिवाळीला वडील बाजारातून एकाच ताग्याचं कापड आणत. आई शिंपीमामांना बजावून सांगे, "वाढत्या मापाचं शिवा. खाली चार बोटं मुडप ठेवा." दरवर्षी मुडप उसवायची. आतला रंग गडद दिसे आणि पोर किती वाढलं ते साऱ्या गावाला कळे. आक्काचं पोलकं धाकटीला, माझा सदरा धाकट्याला, आणि फाटला की वाकळेला. कपड्यांत कुणाची पाळी चुकली नाही.

पुढं १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं. गावात टीव्ही एकच, चावडीतला, काळापांढरा. रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसे. वीज गेली की कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणी. पडद्यावर मुंग्या आल्या की मी वर चढून अँटेना फिरवायचो, आणि खालून आरडाओरडा, "थांब, थांब, आता दिसलं!" संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागलं की म्हातारी माणसं पुढं सरकून बसत.

आक्का मात्र चुलीपुढं. भाकरी आटोपून धावत येई तोवर शेवटची नावं चाललेली असत. घरी जाताना मी तिला सगळी कथा सांगायचो. आपण तिच्यावर मोठे उपकारच करतोय, असं मला वाटे.

त्याच सुमारास शाळांत संगणक येऊ लागले होते. सरकारनं १९८४ साली त्यासाठी 'क्लास' नावाची योजना काढली, आणि निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' नावाची यंत्रं दिली. आमच्या शाळेतही काही वर्षांनी एक यंत्र आलं. त्याला कुलूपबंद खोली, आणि अंगावर कोरं करकरीत कापड! आमच्यापैकी कितीतरी पोरांच्या अंगावर तसं नव्हतं. चपला बाहेर काढून आठ-दहा जणांनी आत जायचं, एकानं कळ दाबायची, बाकीच्यांनी बघायचं.

पण पाळी मुलांचीच. मुलींनी खोली झाडायची. आक्का गणितात वर्गात पहिली, पण यंत्राजवळ गेली ती केरसुणी घेऊन. एकदा तिनं मला विचारलं, "कळ दाबली की आत काय होतं रे?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. लग्न ठरलं. घरात कुणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही.

२०२० साली टाळेबंदी आली. दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं. पुढं शाळा मोबाइलवर भरू लागली. आक्काच्या घरी मोबाइल एकच. मुलगा बारावीत, मुलगी दहावीत. मोबाइल मुलाच्या हातात आणि मुलगी दाराशी उभी. आक्कानं ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून भिंतीला चिकटवलं : सकाळी हिची पाळी, दुपारी त्याची. मुलगा कुरकुरला, तेव्हा म्हणाली, "तुझ्या मामाला विचार, मी किती वर्षं खोली झाडली ते."

मुलानं मला खरंच फोन केला. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज बसला.

तुमच्या घरातही आज मोबाइल असेल. दोन पोरं असतील, एक लेक, एक लेकरू. आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर जरा लक्ष ठेवा. तो कुणाच्या हातात आहे, आणि भांडी कोण घासतंय?