न दुखणारा चट्टा

केमचं कुंकू गावोगाव जातं. ते चाळताना, पुड्या भरताना दिवसभर हात चालतात आणि रात्री दंड भरून आला की आपण म्हणतो, शीर आखडली. पण दुखतो तो बहुतेक वेळा स्नायू. त्याला हुकूम देणारी नस वेगळी. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, ते आज सांगतो.

दंडाचा स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक धाग्यांची जुडी. प्रत्येक धाग्यावर आडव्या रेघा दिसतात. आत प्रथिनांच्या जाड आणि बारीक तारा असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवावीत, तशा त्या सरकतात आणि धागा आखडतो. गर्भाशयाच्या स्नायूवर अशा रेघा नसतात. तो आपल्या मर्जीने चालत नाही, म्हणून बाळंतपणाच्या कळा आवरता येत नाहीत.

नसेत चेतापेशींचे तंतू असतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा एकच तंतू जवळजवळ मीटरभर लांब! विजेच्या तारेवर असतं तसं बऱ्याच तंतूंवर वेष्टण असतं, म्हणून निरोप झटकन पोचतो. कुष्ठरोगाचे जंतू नेमके तंतूंभोवतीच्या या पेशींत घर करतात. मग स्पर्श, चटका, कळ यांचा निरोप मेंदूला जातच नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या हातावर फिकट चट्टा होता. "दुखत नाही, खाजत नाही, कशाला दाखवू?" त्या म्हणायच्या. आम्हीही खोबरेल लावायला सांगितलं. वर्षभराने भाकरी करताना तिथे तवा लागला, आणि फोड दिसेपर्यंत त्यांना कळलंच नाही. तेव्हा कुठे आशाताईंकडे गेलो.

मुरगळलेला स्नायू काही दिवसांत बरा होतो. नस मात्र एकदा मेली की सहसा परतत नाही. हुकूम न मिळालेला स्नायू वाळतो, बोटं वाकडी होतात. म्हणून वेळ घालवायचा नाही. प्रत्येक बधिरपणा कुष्ठरोगाचा नसतो, मधुमेहानेही पाय बधिर होतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा किंवा बारा महिने घेतली की रोग बरा होतो. त्या ताई औषध घेतात आणि बैठकीत आमच्या शेजारीच बसतात.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. आज अंघोळीच्या वेळी जावेला नाहीतर लेकीला बघायला सांगा.