रिमोटच्या गाड्यांची शर्यत : सगळं भांडण मोटरच्या वेढ्यांवरून

रिमोटवर पळणारी गाडी म्हटली की आपल्याकडे जत्रेतलं खेळणं डोळ्यांपुढे येतं. चार दिवस पळालं, सेल संपले, मग कपाटावर. पण अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये या गाड्यांच्या रीतसर शर्यती होतात. त्यांच्या संघटना आहेत, नियमांची जाड पुस्तकं आहेत, आणि शर्यत संपल्यावर पहिल्या आलेल्या गाड्यांच्या मोटरी खोलून तपासल्या जातात. अमेरिकेतली 'रोअर' ही संघटना १९६७ सालची आहे. त्यांची जागतिक पातळीवरची संस्था म्हणजे 'इफमार'. जपानच्या मासामी हिरोसाका यांनी तर या खेळात चौदा वेळा जगज्जेतेपद मिळवलं आहे.

या शर्यतींचे व्हिडिओ आता गावोगावच्या पोरांच्या मोबाइलवर दिसतात. त्यात एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. दोन गाड्या सारख्या, मोटरी दिसायला सारख्या, कंपनी एकच. पण एकीवर १७.५ लिहिलेलं असतं आणि दुसरीवर ४.५. कमी आकड्याची मोटर जास्त महाग आणि जास्त वेगवान. असं उलटं का?

याचं उत्तर ज्याच्या विहिरीवरची मोटर एकदा तरी जळाली आहे त्याला लवकर कळेल. रिवायंडिंगवाला जुनी तार उपसताना आधी काय करतो? वेढे मोजतो आणि तारेचं गेज बघतो. मोटर कशी चालणार हे त्यावर ठरतं. रिमोटच्या गाडीवर लिहिलेला आकडा म्हणजे तेच वेढे. पंपाची मोटर एसीवर चालते आणि तिचं काम वेगळ्या पद्धतीचं असतं, त्यामुळे तुलना इथपर्यंतच ठीक आहे.

कमी वेढे, जास्त वेग

गाडीच्या मोटरीत लोहचुंबक असतो आणि ती बॅटरीच्या डीसीवर चालते. अशी मोटर फिरायला लागली की ती स्वतःच थोडी वीज तयार करू लागते, आणि ही वीज बॅटरीच्या विरोधात असते. खेळण्यातली मोटर बोटाने जोरात फिरवली तर तिला जोडलेला छोटा एलईडी क्षणभर पेटतो, तो याच विजेमुळे. फिरण्याचा वेग वाढला की विरोध वाढतो. विरोध बॅटरीच्या व्होल्टच्या जवळ आला की मोटर त्याच्यापुढे पळू शकत नाही.

आता वेढे जास्त असतील तर हा विरोध लवकर तयार होतो, म्हणून मोटर कमी वेगावर थांबते. वेढे कमी असतील तर तेवढाच विरोध तयार व्हायला जास्त फेरे लागतात, म्हणून वेग वाढतो. शिवाय खाचेत जागा तेवढीच असल्यामुळे कमी वेढ्यांसाठी जाड तार बसते. जाड आणि आखूड तारेचा रेझिस्टन्स कमी, म्हणून करंट जास्त ओढला जातो. करंट जास्त म्हणजे ताकद जास्त, आणि उष्णताही जास्त.

'जास्त वेढे म्हणजे जास्त ओढ' असं पुष्कळ जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. दर अँपिअरमागे ओढ जास्त मिळते, हे बरोबर. पण कमी वेढ्यांची मोटर अँपिअरच एवढे ओढते की ती कुठेच मागे पडत नाही. किंमत मोजायची ती बॅटरी आणि तापमानाच्या रूपात.

आदत, दुसा आणि ओपन

एक दशांश आकाराच्या विजेवरच्या गाड्यांत जी मोटर बसते तिला ५४० म्हणतात. माबुची या जपानी कंपनीच्या मोटरीवरून हे नाव पडलं. जाडी सुमारे ३६ मिलिमीटर, लांबी ५० च्या आसपास. बाहेरचा आकार असा ठरलेला असल्यामुळे कुठलीही मोटर कुठल्याही गाडीत बसते, आणि म्हणूनच आत काय आहे यावर नियम करावे लागतात.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, ओपन असे गट असतात आणि वासराचे दात बघून गट ठरतो. इथे दातांऐवजी वेढे. ज्या गटात मोटरीवर बंधन आहे तो 'स्टॉक', आणि ज्यात वेढ्यांचं बंधन नाही तो 'मॉडिफाइड', म्हणजे ओपनच.

कार्बन ब्रशच्या मोटरी होत्या तेव्हा स्टॉक म्हणजे २७ वेढे. मोटरीचं टायमिंगही २४ अंशांवर बांधलेलं असे. विचार साधा होता, की नवशिक्याला कमी पैशात खेळता यावं आणि गाडी चालवणाऱ्याचा हात दिसावा. झालं मात्र वेगळंच. वेढे सारखे म्हटल्यावर लोकांनी बाकीच्या गोष्टी उकरायला सुरुवात केली. कार्बन कुठला, त्याची स्प्रिंग किती कडक, कॉम्युटेटर लेथवर किती वेळा घासायचा. नवी मोटर पाण्याच्या पेल्यात बुडवून कमी व्होल्टवर चालवायचे, कार्बन लवकर बसावा म्हणून. पाण्यात मोटर बुडवायची म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येईल, पण ही पद्धत खरोखर चालत असे. ज्याच्या घरी लेथ आणि वेळ, तो पुढे. नवशिका तिथेच राहिला.

म्हणून २००० नंतरच्या दशकात ब्रशलेस मोटरी आल्या तेव्हा खूप जणांना सुटका झाल्यासारखं वाटलं. हल्ली घरात येणारे बीएलडीसी पंखे आणि फवारणीचे ड्रोन ज्या जातीच्या मोटरीवर चालतात, तीच ही जात. कार्बन नाही, कॉम्युटेटर नाही, घासण्यासारखं काही नाही. तारेचे वेढे बाहेर स्थिर, चुंबक आत फिरतो, आणि कुठल्या वेढ्याला कधी करंट द्यायचा हे स्पीड कंट्रोलर ठरवतो. जुन्या २७ वेढ्यांच्या जागी १७.५ आणि १९ वेढ्यांच्या जागी १३.५ असा हिशेब बसवला गेला. अर्धा वेढा कसला, तर तार एका टोकाने आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, म्हणून शेवटचा वेढा अर्धाच.

नियमही मागचा अनुभव बघून केले. खाचा तीनच. जोडणी स्टारच, डेल्टा चालणार नाही. तार शुद्ध तांब्याची आणि गोलच, तिच्या जाडीलाही मर्यादा. चपटी तार घातली तर खाचेत तांबं जास्त मावतं, म्हणून 'गोल' हा शब्द नियमात आहे. आतला चुंबक दोन ध्रुवांचाच, त्याचं माप ठरलेलं. रोअरच्या शर्यतीत तर त्यांनी मंजूर केलेल्या यादीतलीच मोटर लावावी लागते.

दिवा का लुकलुकतो

एवढं करूनही एक दार उघडं राहिलं होतं. नियम मोटरीवर होते, कंट्रोलरवर नाहीत.

मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी थोडी आधी पाडली की इंजिन वरच्या वेगाला मोकळं पळतं. मोटरीतही तसंच आहे. चुंबक समोर यायच्या थोडं आधीच करंट सोडला तर वेग वाढतो, मात्र खालची ओढ कमी होते आणि मोटर तापते. मोटरीच्या मागचं झाकण फिरवून हे टायमिंग काही अंश पुढेमागे करता येतं. पण झाकण एकदा बसवलं की शर्यतभर तेच. कंट्रोलरमधला प्रोग्राम मात्र हेच काम चालू गाडीत करू शकतो. कोपऱ्यात टायमिंग शून्य, सरळ रस्त्यावर वेग वाढेल तसं टायमिंग वाढत जाणार. म्हणजे ओढही मिळाली आणि वेगही.

२००९-१० च्या सुमारास हे 'बूस्ट' प्रकरण जोरात आलं. नावाला १७.५ ची मोटर, पण पळायची भलतीच. नवा प्रोग्राम आला की मागच्या महिन्यात घेतलेला कंट्रोलर जुना. मोटरी जळू लागल्या, चुंबक उष्णतेने कमजोर होऊ लागले. नवशिक्यासाठी काढलेल्या गटात टिकायचं तर लॅपटॉप आणि पैसा दोन्ही लागू लागले. पुष्कळ ठिकाणी माणसं कमी झाली ती यामुळेच.

उपाय मोठा साधा निघाला. कंट्रोलरमध्ये टायमिंग शून्य ठेवणारी एक स्थिती बनवायची, आणि ती चालू असेल तर कंट्रोलरचा दिवा लुकलुकत राहील अशी सोय करायची. तपासणाऱ्याला लॅपटॉप नको, यंत्र नको. गाडी उभी असताना दिवा लुकलुकतोय ना, मग सोडा. या गटाला सगळीकडे 'ब्लिंकी' असंच नाव पडलं. नियम करायचा तर असा करावा, की शेवटच्या माणसालाही डोळ्यांनी तपासता यावा.

मग आता सगळे सारखे झाले का?

नाही. आणि खरी गंमत इथेच आहे.

ओपन गटात मोटरीला ताकद एवढी असते की कोपऱ्यात गाडी हळू झाली तरी बोट दाबलं की वेग परत येतो. तिथे ताकद आवरणं हेच कौशल्य. १७.५ च्या ब्लिंकी गटात उलटं. गाडी बहुतेक वेळ पूर्ण दाबलेलीच असते. कोपऱ्यात थोडा जरी वेग गेला तरी तो परत यायला अर्धा रस्ता जातो. त्यामुळे जिथे जिथे घर्षण आहे तिथे तिथे शर्यत हरता येते. बेअरिंगमधलं जाड ग्रीस, जास्त आवळलेले दाते, जरा घासणारं चाक, हे सगळं भोवतं. ओपनमध्ये यातलं निम्मं लक्षातही येत नाही. सगळ्यांना सारखं करायला मोटर कमी केली, आणि मोटर कमी केल्यामुळे बारीक फरकही मोठे झाले.

मोटरीमोटरीतही फरक राहतोच. एकाच खोक्यातल्या दहा १७.५ मोटरींचा रेझिस्टन्स तंतोतंत सारखा नसतो. त्यातल्या सर्वांत कमी रेझिस्टन्सच्या निवडून काढायच्या आणि जास्त किमतीला विकायच्या, हा धंदा उभा राहिला. मग नियमात किमान रेझिस्टन्स आला. तो मोजायला मिलिओहम दाखवणारं मीटर लागतं, कारण साध्या मल्टिमीटरला एवढा छोटा आकडा नीट दिसत नाही. यातही खुबी आहे. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने बदलतो. मोटर दहा अंशांनी तापली की आकडा चार टक्क्यांनी वर. म्हणजे नियमात न बसणारी मोटर शर्यतीवरून गरम असतानाच मोजली तर पास होऊ शकते. म्हणून मोटर गार होऊ देऊन मोजावी लागते.

काही मालिकांनी यावर वेगळाच मार्ग काढला. मोटर आयोजकांनीच वाटायची. जी हाताला लागेल ती लावा आणि पळवा.

गिअर हा खरा मोफत इलाज

मोटरीवर पैसे घालण्याआधी गिअर बघावा, हे अनुभवी लोक नवशिक्यांना सांगून थकतात. मोटरीच्या शाफ्टवर छोटं पिनियन असतं आणि ते मोठ्या चक्राला फिरवतं. मोटर किती फेरे फिरली की चाक एकदा फिरतं, हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. डांबरी किंवा कार्पेटच्या ट्रॅकवरच्या १७.५ च्या गाडीत तो साधारण साडेतीन-चार असतो, ओपनच्या मोटरीला सात-आठपर्यंत जातो.

हिशेब करून बघू. मोटर एका व्होल्टला २३०० फेरे देते असं धरू. याला 'केव्ही' म्हणतात, ड्रोनच्या मोटरीवरही हाच आकडा असतो. दोन सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. म्हणजे बिनलोड मिनिटाला १९,३२० फेरे. चाकाचा व्यास ६३ मिलिमीटर असेल तर त्याचा घेर १९८ मिलिमीटरच्या आसपास. गिअर चारचा असेल तर मोटरीच्या एका फेऱ्याला गाडी साधारण ४९ मिलिमीटर पुढे जाते. गुणाकार केला तर वेग ताशी ५७ किलोमीटरच्या जवळ येतो. लोड आल्यावर व्होल्ट पडतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा मिळत नाही.

मग पिनियन एक-दोन दात मोठं लावलं तर? सरळ रस्ता लांब असेल तर फायदा. ट्रॅक छोटा, कोपरे जास्त असतील तर मोटर लोडखाली धापा टाकते आणि तापते. ट्रॅक्टर चढाला वरच्या गिअरमध्ये ओढायला लावल्यासारखं. म्हणून गाडी थांबली की पहिलं काम तापमान बघणं. साधारण सत्तर अंशांच्या पुढे मोटर जाऊ लागली की पिनियन छोटं करायचं किंवा टायमिंग कमी करायचं. निओडिमियम चुंबक जास्त तापला की त्याची ताकद कमी होते, आणि गार झाल्यावर ती सगळी परत येत नाही. मोटर वरून ठीक दिसते, पण पुढच्या शर्यतीत ओढत नाही.

सध्या वाद आहे तो १७.५ बद्दलच. मोटरी सुधारत गेल्या, झाकण फिरवून जास्त टायमिंग घेता येऊ लागलं, आणि नवशिक्यांचा म्हणून काढलेला हा गट नवशिक्यांना झेपेना. म्हणून कित्येक क्लबांनी २१.५ चा गट काढला. जुन्या अमेरिकन गाड्यांची बॉडी लावून पळवायच्या व्हिंटेज गटात तर २५.५ ची मोटर असते. ती हळू असते, म्हणून गाड्या एकमेकींना चिकटून पळतात, आणि बाप आणि शाळेतला मुलगा एकाच शर्यतीत उतरू शकतात. त्या गटातही कुणीतरी निवडक मोटर शोधत असतोच.