आर्लबर्गचा मास्तर

ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन हे आल्प्समधलं गाव, उंची 1304 मीटर. 1884 मध्ये दहा किलोमीटरचा आर्लबर्ग बोगदा खुला झाला आणि आगगाडी दाराशी आली. गावाचा जुना इतिहास एवढ्यावर आटोपला तरी चालेल. खरी गोष्ट एका मास्तराची आहे.

हान्नेस श्नायडर घाटापलीकडच्या श्टुबेनचा, जन्म 1890चा. 1907 मध्ये, सतराव्या वर्षी, तो इथल्या पोस्ट हॉटेलात पाहुण्यांना स्कीइंग शिकवायला लागला. तेव्हा कुणी एकाच लांब काठीच्या आधाराने उतरे, कुणी नॉर्वेच्या थाटात एक पाय पुढे काढून, गुडघा टेकवल्यागत वळे. खड्या उतारावर वेग वाढला की ते अंगाशी येई. श्नायडरने शिष्यांना गुडघ्यांत चांगलं वाकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली. मग सगळा भार एका पायावर, की वळण आलंच. ते बसल्याशिवाय वरच्या वर्गात बढती नाही! पहिल्या महायुद्धात डोंगरी पलटणींनाही त्याने हेच शिकवलं.

वर्गात किती शिकणार? बाकीचं काम सिनेमाने केलं. फ्राइबुर्गचा भूगर्भशास्त्रज्ञ आर्नोल्ड फांक कॅमेरा घेऊन डोंगरात आला आणि 1920च्या ‘दास वुंडर देस श्नेशूह्स’पासून श्नायडर पडद्यावर दिसू लागला. 1931च्या ‘डेअर वाइसे राउश’मध्ये तो अभिनेत्री लेनी रीफेनश्टालबरोबर झळकला. कथानक यथातथाच, पण स्कीवरचा पाठलाग आजही खिळवून ठेवतो. वळण घेताना बर्फाचा फवारा उडतो आणि त्यातून आधी मास्तराची वाकलेली पाठ बाहेर येते.

मार्च 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घशात घातला. श्नायडर त्यांचा उघड विरोधक; त्याला लगेच अटक झाली. पुढे हार्वे गिब्सन या अमेरिकन बँकरने खटपट केली आणि 1939च्या फेब्रुवारीत मास्तर न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉन्वेला सहकुटुंब पोचला. तिथल्या क्रॅनमोर डोंगरावरची स्कीइंग शाळा त्याने चालवली. 1955 मध्ये तिथेच वारला. सांक्ट आंटोनने आपला सर्वांत मोठा माणूस असा गमावला.

गाव मात्र भरभराटलं. 2001च्या जागतिक स्कीइंग स्पर्धेसाठी रेल्वे स्टेशनच दरीच्या दुसऱ्या बाजूला हलवलं. संध्याकाळी बूट काढायच्या आत गाण्यांचा दणदणाट सुरू होतो. गावातल्या एका जुन्या व्हिलातलं संग्रहालय पाहुण्यांना आठवतं ते बहुधा हवा बिघडली की. हंगामाअखेर एप्रिलमध्ये ‘डेअर वाइसे राउश’ याच नावाची शर्यत होते. 555 जण एकदम सुटतात. त्यांतल्या किती जणांनी तो सिनेमा पाहिला असेल, शंकाच आहे. वाटेत एक चढही लागतो, तिथे भलेभले धापा टाकतात.