विषाचे कोडे

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातील कित्येक शेतकरी रात्री आखाड्यावर जमिनीवरच निजतात. अशा वेळी मण्यार साप अंथरुणात शिरतो. त्याचा दंश इतका सूक्ष्म असतो, की निजलेल्यास पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे मात्र पापण्या जड होतात, वाचा अडखळते, श्वास मंदावतो. असे का होते बरे?

मेंदूची आज्ञा मज्जातंतूंवाटे स्नायूंकडे जाते. तंतू व स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पाझरते. हेच द्रव्य आज्ञेचा जासूद होय. नागाचे विष स्नायूवरील जासुदाचे दार अडवून बसते. मण्यार सापाचे विष मुख्यतः तंतूचे टोकच निकामी करते. १९६३ साली तैवानमधील चँग व ली या संशोधकांनी तेथील मण्यार सापाच्या विषातील घटक वेगळे केले. पुढे त्यांपैकी एका घटकाच्या साहाय्यानेच स्नायूवरील ते दार शास्त्रज्ञांना सापडले. प्राण घेणारे विष असे ज्ञानाचे साधन बनले!

घोड्यांच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष शरीरात फिरणारे विष निष्प्रभ करते. पण निकामी झालेली टोके त्याने सुधारत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो. म्हणून मंत्रतंत्रात घालविलेली घटका प्राणावर बेतते. रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. खाटेवर निजून मच्छरदाणी नीट खोचली, तर हा प्रसंग बहुधा टळतो.