चिनी मातीची शेगडी आणि मंद आच

आपल्या मंडळींची पुष्कळ मुले आज परदेशी आहेत. ती कायमची परतताना बरोबर नाना वस्तू आणतात. त्यांपैकीच अंड्याच्या आकाराची, जाड भिंतीची, चिनी मातीची कोळशाची शेगडी आता एखाद्-दुसऱ्या अंगणात दिसू लागली आहे. एक आमच्याही घरी आहे. तिच्यावर मंद आच राखण्यास शिकताना आमची मोठी फजिती झाली. ती इतरांची होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

हिचे मूळ जपानात. तिकडे चुलीस 'कामादो' म्हणतात. कोळशावर भात शिजविण्याची तेथील गोल मातीची चूल दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी मायदेशी नेली आणि तीत मांस भाजण्यास सुरुवात केली. १९७४ साली अटलांटा शहरी निघालेल्या 'बिग ग्रीन एग' या कंपनीने पुढे हिचा मोठाच प्रसार केला.

आता आमची फजिती. दहा-बारा पाहुणे जेवावयास यावयाचे होते. बकऱ्याची अख्खी मांडी मंद आचेवर शिजवावी, असा बेत ठरला. आम्ही आपल्या नेहमीच्या शेगडीप्रमाणे सगळे कोळसे चांगले फुलवून घेतले आणि झाकण लावले. अर्ध्या तासात काटा २२० अंशांवर! घाईघाईने झडपा मिटल्या, परंतु काटा हलेना. मांडी बाहेरून काळी व आतून चिवट झाली, आणि पाहुण्यांस पिठले-भातावर समाधान मानावे लागले. पिठले चांगले झाले होते, एवढेच.

चूक कोठे झाली? साध्या शेगडीत आच कमी करावयाची तर आपण दोन निखारे काढून घेतो. येथे कोळसा किती घातला यास महत्त्व नाही. वारा किती मिळतो यास आहे. खालच्या झडपेतून वारा आत येतो, वरच्या झडपेतून गरम हवा बाहेर जाते. जेवढा वारा तेवढाच कोळसा जळतो. तोच भरलेला कोळसा वारा मोकळा सोडल्यास तासाभरात ३०० अंशांवर जाईल, आणि झडपा बोटभर फटीवर ठेवल्यास ११०-१२० अंशांवर रात्रभर पुरेल. दुसरी गोष्ट भिंतीची. जाड माती उष्णता पिऊन घेते आणि सावकाश परत देते. एकदा ती तापली की आत विस्तव मंदावला तरी तास-दीड तास धग ओसरत नाही. म्हणून इच्छित आचेवर खालून हळूहळू चढावे. वर जाऊन उतरण्याचा विचारच करू नये.

रीत अशी. चांगला लोणारी कोळसा घ्यावा, मोठे तुकडे तळाशी, म्हणजे वाऱ्यास वाट राहते. आदली राख झाडून काढावी. मध्यरात्री आच आपोआप पडते तिचे कारण बहुधा तुंबलेली राखच असते. विस्तव मध्यभागी एकाच जागी लावावा. रॉकेल मुळीच वापरू नये, त्याचा वास अन्नास लागतो. अन्न व निखारे यांमध्ये मातीची आडतबकडी ठेवावी, नाहीतर खालून करपते. काटा ९० अंशांवर आला की झडपा मिटण्यास आरंभ करावा. प्रत्येक वेळी केसभर फिरवावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. हे थांबणेच अवघड. आमच्या घरी दर पाच मिनिटांनी कोणीतरी झडपेस हात लावी. दाट पांढरा धूर जाऊन विरळ निळसर धूर दिसू लागला, की मगच अन्न आत ठेवावे.

मांस आतून ७० अंशांच्या आसपास आले की काटा तासन् तास अडतो. अंगचे पाणी सुटून वाफ होते आणि तीच त्यास थंड ठेवते. येथे घाबरून झडप उघडू नये. चिवट धागे विरघळण्यास हाच वेळ लागतो. शाकाहारी मंडळींनी याच आचेवर रताळी ठेवून पाहावीत. सावकाश तापल्याने त्यांतील पिष्टाची साखर होते.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. झडपा मिटलेल्या असताना झाकण एकदम उघडले, तर वारा मिळताच आतील वायू भडकून ज्वाळा तोंडावर येते. आधी दोन बोटे उचलावे, क्षणभर थांबावे, मग उघडावे. आणि पाऊस आला, थंडी आहे, म्हणून ही शेगडी बंद खोलीत वा काचा लावलेल्या गच्चीत नेऊ नये. कोंडलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणसे दगावतात. लहान मुलांच्या घरी तर शेगडी पूर्ण निवेपर्यंत कोणीतरी मोठे माणूस जवळ असावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही सकाळी विस्तव लावला, काटा १२० वर धरला, आणि सहा तासांनी मांडीचे मांस चमच्याने सुटले. तेच पाहुणे पुन्हा आले होते. नंतर दोन्ही झडपा घट्ट मिटल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो निम्मा कोळसा शिल्लक. तोच हलवून, वर थोडा नवा घालून, पुढच्या रविवारी रताळी भाजली.